स्वस्त घड्याळाचा कैवार

आपल्याकडील सुशिक्षित वर्गांत अलीकडे एक नवीनच रसिकता उदयास आली आहे. खिशांतला फोन सेकंदाचाहि हिशेब चोख देत असतांना कांहीं मंडळींस किल्लीच्या व कमानीच्या घड्याळांचा लळा लागला आहे. हें आम्हांस मुळींच गैर वाटत नाहीं; पोलादाची एक गुंडाळलेली पट्टी, चार-पांच चाकें आणि केसासारखी बारीक एक स्प्रिंग यांच्या जोरावर रात्रंदिवस चालणाऱ्या वस्तूचें ज्याला कौतुक नाहीं, त्याची कींवच करावी. परंतु या रसिकतेच्या पाठोपाठ एक मतहि पसरत चाललें आहे, आणि त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. तें मत असें, कीं यांत्रिक घड्याळ घ्यावयाचें तर भारी किंमतीचेंच घ्यावें. दहा-पंधरा हजारांच्या आंतलें यांत्रिक घड्याळ म्हणजे मनगटावर बांधलेलें खेळणें. तें आज चालतें, पण उद्यां चालेल याचा नेम नाहीं. हें मत दुकानदार सांगतो तेव्हां त्याचा अर्थ उघड असतो, व त्याबद्दल त्याला दोष देण्याचेंहि कारण नाहीं. पण ज्यांनीं घड्याळाचें मागचें झांकण जन्मांत उघडून पाहिलें नाहीं, अशीं शिकलेलीं माणसें तेंच मत सिद्धांताच्या थाटांत उच्चारूं लागतात, तेव्हां मात्र त्यांस दोन शब्द ऐकविणें प्राप्त होतें.

भरंवसा म्हणजे बिनचूकपणा असें जर या मंडळींचें म्हणणें असेल, तर ते यांत्रिक घड्याळाच्या वाटेस गेलेच कशाला? २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सीको कंपनीनें अॅस्ट्रॉन नांवाचें क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें, आणि बिनचूकपणाचा तंटा त्याच दिवशीं मिटला. त्या घड्याळाची किंमत साडेचार लाख येन होती. आज तीच युक्ति रस्त्यावरच्या हातगाडीवरील दोन-तीनशें रुपयांच्या घड्याळांत असते. तें हातगाडीवरचें घड्याळ महिन्याकांठीं जितकें चुकेल, तितकें एखादें प्रमाणपत्रधारी स्विस यांत्रिक घड्याळ तीन-चार दिवसांत चुकूं शकतें, व तरीहि त्याच्या प्रमाणपत्रास धक्का लागत नाहीं. ही गोष्ट काढली कीं आमचे रसिक मित्र हंसून सांगतात, 'अहो, सेकंद कोण मोजतो? त्यांत कारागिरी आहे, परंपरा आहे.' ठीक आहे. परंतु हेच गृहस्थ शेजाऱ्याच्या हातांत स्वस्त यांत्रिक घड्याळ दिसतांच खिशांतून फोन काढून सेकंद मोजूं लागतात! श्रीमंताच्या घरीं जी चूक लाडकी, तीच गरिबाच्या दारीं नालायकीचा पुरावा. हा न्याय कोणत्या स्मृतींत सांगितला आहे, तें त्यांनींच सांगावें.

वास्तविक बिनचूकपणा आणि भरंवसा हे दोन वेगळे गुण आहेत, व दुसरा पहिल्याहून पुष्कळ मोठा आहे. दुधाचा रतीब घालणारा एक गवळी सहाचा वायदा करून रोज सव्वासहाला येतो. उन्हाळा असो, पाऊस असो, त्याचे सव्वासहा कांहीं चुकत नाहींत. दुसरा पंधरा दिवस सहाच्या ठोक्याला येतो आणि सोळाव्या दिवशीं त्याचा पत्ता लागत नाहीं. घरांत पोरेंबाळें असलेली गृहिणी कोणाचा रतीब ठेवील? समुद्रावर रेखांश काढण्यासाठीं जीं नाविक घड्याळें वापरीत, त्यांच्याविषयीं सुद्धां नियम हाच होता. तें घड्याळ दिवसाला मुळींच चुकूं नये असा खलाशाचा आग्रह नसे; तें जितकें चुकेल तितकेंच रोज चुको, एवढीच त्याची मागणी असे, कारण ठराविक चूक ही वजाबाकीनें जाते.

आतां चुकीचें मान पाहूं. जुन्या धाटणीचें किल्लीचें घड्याळ तासाला १८,००० ठोके घालतें, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. तें दिवसाला वीस सेकंद पुढें गेलें, तर एकंदर सव्वाचार लाखांहून अधिक ठोक्यांत शंभर ठोक्यांचा फरक पडला. ४,३२० मध्यें एक. उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज करणाऱ्या आम्हां प्राध्यापकांपैकीं कितीजण इतक्या शुद्धतेची हमी लिहून देतील, हा प्रश्न आम्ही येथें विचारीत नाहीं. सीकोचें एन.एच.३५ किंवा सिटिझनच्या मियोता कारखान्याचें ८२०० मालिकेंतील यंत्र हीं आज स्वस्त स्वयंचलित घड्याळांत सर्रास आढळतात. त्यांच्याविषयीं कारखान्यानें दिलेली मर्यादा दिवसाला २० सेकंद मागें ते ४० सेकंद पुढें अशी आहे. आक्षेपक या आंकड्यावर बोट ठेवून विजयी मुद्रा करतात. पण ही मर्यादा म्हणजे त्या यंत्राचें नित्याचें वर्तन नव्हे. लाखोंनीं तयार होणाऱ्या मालापैकीं वाईटांत वाईट नगाविषयीं कारखाना जें वचन देऊं धजतो, तें तें आहे. त्याच यंत्रावर घड्याळजीनें दहा मिनिटें खर्चून रेग्युलेटरचा कांटा केसभर सरकविला, तर त्याची चाल पुष्कळदां भारी घड्याळाच्या पंगतीस येऊन बसते. महागड्या घड्याळांत त्या दहा मिनिटांचे, किंबहुना त्या दहा तासांचे, पैसे आपण आधींच मोजलेले असतात, हाच काय तो भेद.

आणि ज्या प्रमाणपत्राचा एवढा बडिवार, तें तरी काय सांगतें? स्वित्झर्लंडांतील अधिकृत तपासणी-संस्था, जिला कोस्क म्हणतात, ती प्रत्येक यंत्र पंधरा दिवस, पांच निरनिराळ्या स्थितींत व तीन तपमानांत ठेवून पाहते. सरासरी चाल दिवसाला ४ सेकंद मागें ते ६ सेकंद पुढें यांच्या दरम्यान असली, आणि इतर कांहीं कसोट्या उतरल्या, कीं प्रमाणपत्र देते. परीक्षा कडक आहे यांत संशय नाहीं. परंतु ती नव्या कोऱ्या यंत्राची, आणि बहुधा कवचांत बसविण्यापूर्वींच, घेतलेली परीक्षा आहे. पंधरा वर्षांनीं, दोन पावसाळे पाणी शिरल्यावर, एकदां न्हाणीघराच्या फरशीवर आपटल्यावर तें यंत्र काय करील याविषयीं तें प्रमाणपत्र अवाक्षरहि काढीत नाहीं, आणि भरंवशाचा प्रश्न तर तेथूनच सुरू होतो.

स्वस्त यंत्राची एक उणीव येथेंच कबूल केली पाहिजे, नाहीं तर आमचा कैवार आंधळा ठरेल. भारी यंत्र उभें, आडवें, उताणें कसेंहि ठेवलें तरी त्याच्या चालींत फार अंतर पडूं नये म्हणून त्याच्यावर स्वतंत्र मेहनत घेतलेली असते. स्वस्त यंत्रावर ती घेतलेली नसते, किंवा फारच थोडी घेतलेली असते. त्यामुळें तें रात्रीं मेजावर उताणें ठेवल्यास एक चाल चालतें व दिवसा मनगटावर दुसरी. शिवाय कमान उलगडत आली कीं बॅलन्सचा झोका कमी होतो आणि चाल बदलते. पण या दोषांवरचा उपाय आमच्या वडिलांच्या पिढीला ठाऊक होता: रोज एकाच वेळीं किल्ली द्यावी, आणि रात्रीं घड्याळ एकाच तऱ्हेनें ठेवावें. ज्याची दिनचर्या नेमाची, त्याचें स्वस्त घड्याळहि नेमाचें.

आक्षेपकांच्या मताला एक ऐतिहासिक आधार मात्र आहे, आणि तो त्यांना स्वतःला ठाऊक नसल्यानें त्यांच्यावतीनें आम्हीच मांडतों. गेओर्ग फ्रिडरिख रोस्कोफ नांवाचा बाडेन प्रांतांत १८१३ सालीं जन्मलेला कारागीर तरुणपणीं स्वित्झर्लंडांतील ला शो-द-फों या घड्याळांच्या गांवीं आला. सामान्य मजुराला परवडेल असें घड्याळ करावें हा त्याचा ध्यास. १८६७ च्या सुमारास त्यानें २० फ्रँक किंमतीचें घड्याळ तयार केलें, व त्यास 'कामकऱ्याचें घड्याळ' असें नांव दिलें. मधलें मोठें चाकच काढून टाकून त्यानें कमानीचा डबा मोठा केला. एकंदर भाग ५७ वर आणले. आणि लिव्हरच्या टोंकांस माणकाच्या पट्ट्या बसविण्याऐवजीं पोलादाच्या दोन उभ्या टांचण्या बसविल्या. त्याचें स्वतःचें काम प्रामाणिक व नेटकें होतें. परंतु त्याच्या मागून नक्कल करणाऱ्यांची जी झुंड उठली, तिनें टांचण्या ठेवल्या आणि प्रामाणिकपणा टाकला. पोलादावर पोलाद घांसलें जाऊन टांचणी झिजते, तेल काळें पडतें, आणि थोड्याच वर्षांत घड्याळ लंगडूं लागतें. अमेरिकेंत १८९६ सालीं इंगरसोल यांनीं एक डॉलरला घड्याळ विकून दाखविलें, तेंहि याच टांचणीच्या कुळांतलें. 'स्वस्त घड्याळ टिकत नाहीं' ही म्हण या वंशानें जन्मास घातली, आणि त्या वंशापुरती ती खोटी नव्हती.

पण स्वस्त होण्याचे मार्ग दोन आहेत. एक, जें आवश्यक तें काढून टाकणें. दुसरा, जें आवश्यक तें सर्व ठेवून, अनावश्यक तेवढें गाळून, एकच वस्तु लाखांनीं करणें. पहिल्यानें वस्तु हलकी होते, दुसऱ्यानें नुसती स्वस्त. आपल्या भाषेंत हे दोन शब्द निराळे आहेत, पण रसिकांच्या तोंडीं ते एक झाले आहेत. दुसऱ्या मार्गाचा उत्तम नमुना शोधण्यास फार लांब जावयास नको. १९६१ सालीं बंगळूर येथें हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें मनगटी घड्याळें करण्यास आरंभ केला, आणि त्यांतलें एक किल्लीचें घड्याळ 'जनता' या नांवानें घरोघरीं गेलें. रोस्कोफच्या 'कामकऱ्या'चेंच हें हिंदी भाषांतर म्हणावें. फरक इतकाच, कीं या घड्याळांत टांचणी नव्हती, माणकें होतीं.

हीं माणकें, ज्यांस आपल्याकडे 'ज्वेल' म्हणतात, तीं जनतेंत सतरा. सतराच कां, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. बॅलन्सच्या दांड्याच्या दोन टोंकांस प्रत्येकीं दोन, मिळून चार. बॅलन्सला ढकलणारा एक. लिव्हरच्या टोंकांच्या पट्ट्या दोन. लिव्हरच्या दांड्यास दोन. आणि त्यापुढील चार चाकांस प्रत्येकीं दोन याप्रमाणें आठ. झाले सतरा. जेथें जेथें झीज होण्यासारखी आहे तेथें तेथें खडा बसला. याहून अधिक खडा किल्लीच्या साध्या घड्याळास बहुतेक शोभेपुरताच. १९६० च्या दशकांत जपानच्या ओरिएंट कंपनीनें शंभर ज्वेलचें घड्याळहि काढलें होतें! नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, एवढें जरी त्यास म्हणतां आलें नाहीं, तरी शंभर वाळ्यांनीं हात अधिक काम करतो असेंहि नाहीं. खड्यांची किंमत म्हणावी, तर व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९०२ सालीं ज्योतींत कृत्रिम माणिक बनविण्याची रीत प्रसिद्ध केल्यापासून ती नांवापुरतीच राहिली आहे. म्हणजे झीज टाळणारें जें खरें साधन, तें गरिबाच्या घड्याळांत घालण्यास पैशाची अडचण उरलेलीच नव्हती; अडचण होती ती दानतीची, व ती बंगळूरच्या कारखान्यानें दूर केली. घड्याळ पडल्यावर बॅलन्सचा नाजूक दांडा मोडूं नये म्हणून स्प्रिंगवर बसविलेला खडा, तोहि जनतेंत होता. तबकडीवर 'पॅराशॉक' हीं अक्षरें असत, तीं त्याचींच.

आजचे रसिक ज्या यंत्रास सर्वांत जास्त नाकें मुरडतात तें सीकोचें ७एस२६. १९९६ सालापासून सुमारें दोन तपें तें या कंपनीच्या स्वस्त स्वयंचलित घड्याळांत बसत होतें, आणि जगांतल्या सर्व हवामानांत, आखाती देशांतल्या आमच्या कामकरी बांधवांच्या मनगटांवरसुद्धां, तें वागलें आहे. त्याला हातानें किल्ली देतां येत नाहीं, आणि कळ ओढली तरी सेकंदकांटा थांबत नाहीं, हे त्याच्यावरचे मुख्य आरोप. आरोप खरे आहेत. पण हे गैरसोयीचे आरोप आहेत, बेभरंवशाचे नव्हेत. जो भाग यंत्रांत नाहीं, तो मोडतहि नाहीं. हात कोणत्याहि बाजूस हलो, कमान गुंडाळलीच जावी म्हणून याच कंपनीनें १९५९ सालीं दोन आंकड्यांची एक साधी पट्टी योजिली. जेथें इतरांनीं उलटसुलट फिरणाऱ्या चाकांचा संसार मांडला, तेथें हिनें एका पट्टीवर भागविलें. कमी भागांत तेंच काम करणें याला जर कारागिरी म्हणावयाचें नसेल, तर कारागिरी हा शब्द केवळ झांकणावरील नक्षीसाठींच राखून ठेवावा लागेल.

मग स्वस्त घड्याळें बंद पडलेलीं आपण पाहतों तीं कां? याचें उत्तर यंत्रांत नाहीं, तें त्याच्या वांट्यास येणाऱ्या वागणुकींत आहे. कोणत्याहि यांत्रिक घड्याळांतलें तेल चार-पांच वर्षांत घट्ट होऊं लागतें. त्यांत धूळ मिसळली कीं त्याचें तेलपण जाऊन तें कानशीचें काम करूं लागतें. दोन लाखांच्या घड्याळाचा धनी हें जाणतो व मुकाट्यानें सफाईचे हजारों रुपये मोजतो. दोन हजारांच्या घड्याळाचा धनी तीस वर्षें झांकण उघडीत नाहीं, आणि एकतिसाव्या वर्षीं तें थांबलें कीं म्हणतो, 'स्वस्तांतलें होतें, जायचेंच!' तीस वर्षें उपाशीं राबलेल्या बैलाला कोणी असें म्हटलें असतें तर त्याला लोकांनीं काय म्हटलें असतें?

आमच्या एका सहकाऱ्यांची जनता अशीच थांबली, तेव्हां शहरांतील एका मोठ्या झगमगीत दुकानांत त्यांस सांगण्यांत आलें, कीं 'मशीन गेली. आंत क्वार्ट्झ बसवून देतों.' तेंच घड्याळ पुलाखालच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीनें उघडलें, चाकें धुतलीं, तेल घातलें, आणि कांहींशें रुपये घेऊन परत केलें. 'मशीन गेली' याचा अर्थ बहुतेक ठिकाणीं 'घड्याळजी गेला' असा असतो.

दुसरा अपराधी म्हणजे जुन्या बाजारांतला कसब. मेलेल्या चार घड्याळांचे अवयव एकत्र करून, तबकडीला भडक नवा रंग देऊन, त्यावर जुनें प्रतिष्ठित नांव छापून जीं घड्याळें आपल्या मुंबईतून जगभर विकलीं जातात, त्यांस परदेशांतील संग्राहकांनीं 'मुंबई स्पेशल' असें नांवच देऊन ठेवलें आहे. हें नांव आपल्या शहराला भूषणावह आहे असें कोण म्हणेल? तें घड्याळ घेणारा आठ दिवसांत हात पोळून घेतो, आणि शिव्या मात्र आंतल्या बिचाऱ्या यंत्राला देतो. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार आहे.

आतां आक्षेपकांच्या भात्यांतला एकच खरा बाण उरतो. ते म्हणतात, 'सफाईची मजुरी घड्याळाच्या किंमतीच्या घरांत जाते. मग असलें घड्याळ दुरुस्त करून वापरण्यांत अर्थ काय?' हा हिशेब नव्या स्वयंचलित यंत्रांना लागू आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांचीं अख्खीं यंत्रें सुटीं विकत मिळतात. जुनें काढून नवें बसविण्यास साधारण हाताचा घड्याळजीहि पुरतो. ज्या मालावर आम्हांस खरोखर राग धरावासा वाटतो तो निराळाच. २०१३ सालीं स्विस स्वॉच कंपनीनें सिस्टिम५१ नांवाचें स्वयंचलित घड्याळ जगापुढें आणलें: भाग अवघे ५१, मधोमध स्क्रू एकच, जुळणी सगळी यंत्रानें, एकदां हलविलें कीं ९० तास चालणार. युक्ति म्हणून तें अलौकिक आहे. पण तें दुरुस्तीसाठीं उघडावयाचें नाहीं. बिघडलें कीं टाकावयाचें. स्वस्ताईवर करावयाची टीका ती येथें करावी! आणि गंमत अशी, कीं आमच्या रसिकांनीं या घड्याळाचें स्वागत केलें, कारण त्यावर 'स्विस' हा शब्द होता.

भारी घड्याळांची गोष्ट तरी याहून वेगळी कोठें आहे? स्वित्झर्लंडांतल्या मोठमोठ्या घराण्यांपैकीं कित्येकांनीं सुटे भाग स्वतंत्र घड्याळजींस विकणें बंद किंवा अगदीं मर्यादित केलें आहे. तुमचें लाखांचें घड्याळ अडलें, तर तें त्यांच्याच कारखान्याच्या दारांत गेलें पाहिजे, त्यांच्याच सवडीनें व त्यांच्याच भावानें दुरुस्त झालें पाहिजे. ज्या वस्तूचें आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेलें, तिला भरंवशाची म्हणणें म्हणजे भरंवसा या शब्दाची थट्टा आहे. याच्या उलट चीनमध्यें १९७० च्या दशकांत निरनिराळ्या शहरांतील सरकारी कारखान्यांनीं सतरा ज्वेलचा एकच सामाईक आराखडा स्वीकारला. त्यामुळें एका कारखान्याचें चाक दुसऱ्याच्या यंत्रांत बसूं लागलें. त्या घड्याळांस रूप नव्हतें. पण लहानशा गांवांतल्या घड्याळजीसहि दुरुस्तीसाठीं निरनिराळ्या घराण्यांच्या भागांचा संग्रह करण्याची गरज उरली नाहीं.

बंगळूरच्या कारखान्याचें घड्याळ-खातें बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें जानेवारी २०१६ मध्यें घेतला. तोटा मोठा होता, क्वार्ट्झच्या लाटेंत धंदा आधींच बुडाला होता, व्यवस्थेच्या चुकाहि होत्या. हा सर्व इतिहास सांगण्याचें हें स्थळ नव्हे. पण कारखाना बंद झाला म्हणून त्याचें यंत्र वाईट होतें, असा जो निष्कर्ष अलीकडे काढला जातो, तो निव्वळ आळशी बुद्धीचा आहे. कारखाना हिशेबाच्या वहींत हरला. मेजावर हरला नाहीं. आजहि पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारांत बंद पडलेल्या तीन जनता एकदम विकत घ्याव्या, एखाद्या जाणत्या घड्याळजीपुढें ठेवाव्या, आणि पाहावें: एकीचा बॅलन्स दुसरीला बसतो, तिसरीची कमान पहिलीला चालते, आणि संध्याकाळपर्यंत तिहींतून दोन घड्याळें टिकटिकूं लागतात, तिसरीचीं उरलेलीं चाकें तो कागदाच्या पुडींत बांधून खणांत टाकतो, पुढच्या गिऱ्हाइकासाठीं.